सांगाल तसं

“आता तुम्ही सांगाल तसं करतील मॅडम,” चेहरेवाला म्हणाला आणि पडदा नीट दिसावा म्हणून खुर्चीसकट बाजूला सरकला.

बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. नवीन मिक्सर दाखवताना दुकानदार बोलतो तितक्याच सहजपणे तो बोलला होता. पण ते वाक्य दिग्दर्शकाच्या आत गेलं आणि कुठेतरी आडवं बसलं. सकाळची वेळ होती, पण त्या खोलीला सकाळ माहीतच नव्हती. खिडकी नाही, भिंतींना काळा स्पंज, आणि एसीचा गारठा असा की म्हाताऱ्या माणसाला आपल्या गुडघ्यांची आठवण व्हावी. समोरच्या पडद्यावर त्याची बायको होती. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. पडद्यावरची ती मात्र पस्तिशीची होती, चंदेरी गणवेशातली. त्या गणवेशाची कॉलर तिच्या मानेला काचायची, म्हणून ती आतून सुती रुमालाची घडी कोंबायची, आणि शॉट लागला की रुमालाचं टोक बाहेर डोकावतंय म्हणून तो ओरडायचा. पडद्यावर रुमाल नव्हता. मान सरळ होती. ती समोर बघत होती, मधूनच पापणी लववत होती, आणि थांबली होती.

“काहीही सांगा ना सर. म्हणजे अंदाज येईल तुम्हाला.”

‘चेहरेवाला’ हे नाव दिग्दर्शकानेच त्याला मनातल्या मनात दिलं होतं. गेलेल्या नटांचे चेहरे संगणकावर पुन्हा उभे करायचे हा त्याचा धंदा. माणूस सज्जन होता, मृदू बोलायचा, आणि लहानपणी आपण ती मालिका बघितल्याशिवाय झोपायचो नाही हे त्याने आल्या आल्या सांगून टाकलं होतं. हे सगळेच सांगत. डोकी पांढरी व्हायला लागलेली माणसं त्याला रस्त्यात थांबवत आणि आपलं बालपण त्याच्या हातात ठेवून निघून जात. मालिका अर्धवट बंद पडली होती. शेवटच्या भागात जहाज इंजिन बंद पडून अंधारात तरंगत राहिलं होतं, खाली ‘क्रमशः’ आलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात त्या वेळेला टेनिसची स्पर्धा लागली होती. तेव्हापासून आजतागायत लोक विचारत आले होते: पोचले का हो ते घरी? एकदा दाताच्या डॉक्टरने त्याच्या तोंडात दोन बोटं आणि एक चिमटा घालून हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याने छताकडे बघत ‘आँ’ एवढंच उत्तर दिलं होतं. आता वाहिनीला ती मालिका पुरी करायची होती. एकच भाग, दीड तासाचा. कप्तान गेला होता, जहाजाचा डॉक्टर गेला होता, चीफ गेली होती. चीफ म्हणजे त्याची बायको; मालिकेत ती यंत्रप्रमुख होती आणि सेटवर, घरी, अगदी हॉस्पिटलात भेटायला आलेल्या जुन्या लोकांच्या तोंडीही शेवटपर्यंत तेच नाव राहिलं. मेलेले सगळे चेहरे हा माणूस उभे करणार होता आणि दिग्दर्शन त्यानेच करावं असा वाहिनीचा आग्रह होता. वारसांची संमती तेवढी हवी होती. त्याच्याखेरीज चीफची वारस म्हणजे त्यांची लेक. ती थोड्या वेळात येणार होती.

“आधी डावीकडे बघू दे,” दिग्दर्शक म्हणाला. “मग वाक्य.”

ती डावीकडे वळली. क्षणभर काहीतरी पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाली, “इंजिन थंड पडलंय. तरी आपण अजून जातोय.” आवाज तिचाच होता. ‘तरी’च्या आधी किंचित दम खायची लकबही तिचीच.

“जरा सावकाश.” ती सावकाश म्हणाली. “एवढं नाही.” ती एवढं नाही म्हणाली. “‘अजून’वर जोर नको. आणि शेवटी हसू नको, हसू आलं असतं पण आलं नाही असं हवंय.” आणि हे, जे तो आयुष्यभर नटांना समजावत आला होता, हातवारे करून, स्वतः करून दाखवून, शेवटी वैतागून पाणी मागवून, ते तिने त्याच क्षणी केलं. हसू ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आलं आणि तिथूनच परत फिरलं. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी हाताला काम लागल्याचा, कापडावर कात्री सरळ चालल्याचा आनंद. तो खुर्चीत पुढे सरकून बसला, गुडघे विसरला, आणखी चार गोष्टी सांगितल्या, आणि ती प्रत्येक गोष्ट करत गेली, न थकता, केस एकदाही मागे न सारता. मग तो थांबला. काहीतरी कमी होतं आणि काय ते त्याला कळेना. पडद्यावर ती वाट बघत होती. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की मघापासून आपण प्रत्येक सूचनेनंतर एक क्षण थांबतोय. त्या जागी एक शब्द यायचा होता, आणि तो येत नव्हता.

“का?” ती विचारायची. पहिल्या दिवसापासून. ती रंगभूमीवरून आलेली. तिच्या बाईंनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती नाटक शिकली त्या कडक म्हाताऱ्या बाईंनी, तिला कारणाशिवाय पाऊल उचलायचं नाही हे शिकवलेलं. आणि इथे प्लायवूडचं जहाज, भिंतींना चंदेरी रंग मारलेले अंड्यांचे ट्रे, कपडे धुण्याच्या यंत्राची झाकणं म्हणजे खिडक्या. सगळं युनिट त्या जहाजाला ‘डबा’ म्हणायचं. “डावीकडे बघ,” तो सांगायचा. “का? डावीकडे काय आहे?” “लाइट आहे.” “तो तुला आहे, मला काय आहे? मला डावीकडे काय आहे ते सांग, मग बघते.” सगळं युनिट गालातल्या गालात हसायचं. तो चिडायचा, घड्याळ दाखवायचा, आणि मग नाइलाजाने विचार करायला लागायचा की खरंच, हिच्या डावीकडे काय असेल? असं करता करता डब्याच्या डावीकडे इंजिनाची खोली तयार झाली, तिथे कायम गळणारा एक पाइप, त्या पाइपाला चीफने ठेवलेलं नाव. लोकांना पुढे सगळ्यात आवडला तो पाइपच. मुलाखतींमध्ये तो सांगायचा की पाइपाची कल्पना मला एकदा आंघोळ करताना सुचली. ती शेजारी बसून ऐकायची आणि घरी आल्यावर म्हणायची, “आंघोळ करताना होय?” आणि स्वतःशीच हसत दिवा मालवायची.

तो या धंद्यात ताऱ्यांच्या ओढीने वगैरे आलेला नव्हता. ते त्याने नंतर मुलाखतींसाठी बनवलं. खरं म्हणजे तो सरकारी माहितीपटांच्या खात्यात नोकरीला होता, पाणी उकळून प्या, दात असे घासा, असल्या फिल्मा करायचा. एकदा चंद्रावर दहा मिनिटांची फिल्म करायची होती आणि दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता. त्याने प्लास्टरचा गोळा केला, त्यावर मैदा चाळला, बाजूने एकच दिवा लावला आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. त्या क्षणी त्याला जे वाटलं ते त्याने कधीच कुणाला नीट सांगितलं नाही. घरात तो पाच भावंडांतला मधला. जेवायला काय, कुठे झोपायचं, कोणाचे जुने कपडे घालायचे, कशातच त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. आणि इथे एक अख्खं जग होतं ज्यात सूर्य कुठून उगवणार हेसुद्धा तो सांगेपर्यंत ठरलेलं नव्हतं. बाकीचे दिग्दर्शक रस्त्यावर जाऊन शूटिंग करत, तिथे कुत्री मध्ये येत, ढग येत, बघे येत. त्याच्या जगात न बोलावता काही येत नसे. त्याला वाटलं, हेच आपलं काम. आणि ते त्याने जीव ओतून केलं, यात शंका नाही. नायलॉनच्या दोऱ्यावर टांगलेलं हातभर जहाज तो असं चालवायचा की बघणाऱ्याला त्याचं वजन जाणवायचं. पण त्या जगात न बोलावता आलेली एक गोष्ट होती, ती ‘का’ विचारायची, आणि त्याने तिच्याशीच लग्न केलं. लोकांना नवल वाटलं होतं. त्याला वाटलं नाही. तेव्हा त्याला तो शब्द आवडायचा.

लेक पोटात होती तेव्हाही चीफ शेवटच्या महिन्यापर्यंत काम करत राहिली. पोट दिसू नये म्हणून सुतार तिच्यासमोरचं यंत्रांचं टेबल दर आठवड्याला थोडं वाढवायचा, त्यावर नवी बटणं, नवे दिवे लागायचे. शेवटी शेवटी नुसतं डोकं दिसायचं. एका चौकस प्रेक्षकाने पत्र लिहून विचारलं की जहाजाची यंत्रणा अशी आपोआप वाढते आहे, तर हा कुठल्या परग्रहवासीयांचा हल्ला आहे काय? ते वाचून ती इतकी हसली की मेकअप पुन्हा करावा लागला. पोरगी झाली, तिला युनिटने ‘ठिणगी’ नाव ठेवलं, आणि ठिणगी डब्यातच रांगायला शिकली. ते दिवस आठवले की त्याला अजूनही चंदेरी रंगाचा आणि दुधाचा असा एकत्र वास येतो. त्या दिवसांत आपण सुखी होतो हे त्याला तेव्हा कळलं नाही. तो पुढच्या भागाच्या स्फोटाचा विचार करत होता.

मग एका सकाळी ठिणगीच्या पायात बूट चढवता चढवता, वर न बघता, ती म्हणाली, “मला उतरव कुठेतरी.”

“कुठे?”

“कुठल्याही ग्रहावर. पण नीट उतरव. बाईंनी नाटक दिलंय. मोठं काम आहे.” नाडीची गाठ तिने सोडली आणि पुन्हा बांधली. “असं काम मला पुन्हा कोणी देणार नाही, दिग्दर्शकसाहेब.”

तो हो म्हणाला होता. मनापासून म्हणाला होता. त्याने स्वतः बसून तो प्रवेश लिहिला: निर्जन ग्रह, त्यावर एक खुणेचा दिवा, तो तेवत ठेवायला कोणीतरी मागे राहिलं तरच जहाजाला वाट दिसणार. चीफ मागे राहते. शूटिंगला तो प्रवेश एका झटक्यात झाला, एकाच शॉटमध्ये, आणि तो ‘कट’ म्हणाल्यावर बराच वेळ कोणी हललं नाही. कप्तानाचं काम करणारा नट, जो सेटवर कायम शब्दकोडी सोडवत बसायचा, तो कोडं खाली ठेवून बाहेर निघून गेला. आणि चार दिवसांनी वाहिनीच्या तेव्हाच्या साहेबांनी तो प्रवेश बघितला आणि शांतपणे सांगितलं की ही बाई गेली तर मालिकाही जाईल, काय ते तुम्ही ठरवा. त्याने ठरवलं. फार वेळही लागला नाही. पुढच्या भागात चीफ आपल्या खोलीत दचकून जागी होते. ते सगळं स्वप्न होतं. स्वप्न म्हणून तिची धुक्यात चालत जाणारी पाठ तेवढी दाखवली. चेहरा नाही, बोलणं नाही. टेपा तेव्हा महाग, पुसून पुन्हा वापरायचे. त्या टेपेवर पुढच्याच आठवड्यात एक उल्कापात भरला गेला. तिला त्याने मेकअपच्या खोलीत सांगितलं. कारणं त्याने तयार ठेवली होती, एकीमागे एक, युनिटची पोटं, वाहिनीची गळचेपी, एक वर्ष, फार तर एकच वर्ष. ती आरशात बघत होती. तो तिच्या ‘का’ची वाट बघत राहिला, म्हणजे मग एकेक कारण काढता येईल. ती म्हणाली, “बरं.”

कारणं तशीच राहिली. नाटक दुसऱ्या कुणीतरी केलं आणि ते खूप वर्षं चाललं. आणि शेवटचं वर्षभर चीफने सेटवर तो सांगेल तसं केलं. डावीकडे म्हटलं की डावीकडे. सावकाश म्हटलं की सावकाश. कामं पटापट उरकायला लागली, शूटिंग वेळेत संपायला लागलं, आणि तो कॅमेरामनला म्हणाला होता, हे त्याला आता लख्ख आठवलं, अगदी त्याच शब्दांत, “बघ, आता कुठे ती नटी म्हणून पिकली.”

“कुठले भाग वापरलेत तुम्ही?” दिग्दर्शकाने एकदम विचारलं. “संगणकाला हिचं हे सगळं शिकवायला.”

चेहरेवाला वळला. “शेवटच्या वर्षाचे, सर. आधीच्या टेपांना बुरशी लागलीय. शेवटचं वर्ष मात्र एकदम स्वच्छ राहिलंय. नशीबच म्हणायचं.”

“हो,” दिग्दर्शक म्हणाला.

पुढचं त्याचं आयुष्य तसं बघितलं तर यशस्वीच होतं. मालिका बंद पडल्यावर त्याने दोन मोठे चित्रपट केले. एकाची वर्तमानपत्रांनी स्तुती केली आणि तो आठवडाभरात उतरला. दुसरा खूप चालला आणि त्याबद्दल तो घरी कधी बोलला नाही. मग टूथपेस्टच्या जाहिराती, चिलखत घातलेले जंतू आणि त्यांच्यावर तुटून पडणारी अंतराळयानं. म्हणजे फिरून पुन्हा दातांपाशीच. मग परीक्षक, मग अध्यक्ष, मग जीवनगौरव, रॉकेटच्या आकाराचा, ज्याचा एक पंख तुटल्यामुळे तो कपाटाला टेकून उभा असायचा. चीफ परक्या चित्रपटांना आवाज द्यायची, बँकेच्या फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणायची, मुलांना उच्चार शिकवायची. भांडण असं कधी झालं नाही. घर नीट चाललं. तो काही म्हणाला की ती ‘बरं’ म्हणायची. कधीतरी जेवताना त्याला वाटायचं की आपण मुद्दाम काहीतरी अगदीच अवास्तव बोलून बघावं, उद्यापासून छतावर राहायला जाऊ या, असं काहीतरी. पण तिने त्यालाही ‘बरं’ म्हटलं तर काय करायचं, या भीतीने तो भाजी पुढे सरकवायचा.

दार उघडलं, उजेडाची एक पट्टी आत आली आणि तिच्यामागून लेक. बरोबर वाहिनीची अधिकारी बाई होती, हातात संमतीचे कागद घेऊन. लेक आता तिच्या आईच्या पडद्यावरच्या वयापेक्षाही मोठी झाली होती, हे तिला पडद्याशेजारी उभं पाहिल्यावर त्याला जाणवलं. अर्धांगाने वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवायचं काम ती करायची. एका एका अक्षरासाठी महिना महिना थांबायची तिला सवय होती. आठवड्यातून एकदा ती त्याला फोन करायची. औषधं, जेवण, झोप. दोघंही फोन ठेवताना एकदमच ‘चल मग’ म्हणायचे.

“दाखवा,” ती म्हणाली.

पडद्यावरची ती डावीकडे वळली, हसू कोपऱ्यापर्यंत आलं, परत गेलं. इंजिन थंड पडलंय, तरी आपण अजून जातोय. लेकीने हाताची घडी घातली होती. “परत,” ती म्हणाली. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना तिने डोळे मिटून नुसतं ऐकलं. अधिकारी बाई हळूच म्हणाली, “विलक्षण आहे ना? लोक रडतील.”

तेव्हा दिग्दर्शक उठला. उठताना गुडघा कुरकुरला. त्याचं बोलणं तयार नव्हतं, पण बोलायला लागल्यावर त्याला वाटलं की ते फार दिवसांपासून तयार होतं. “एक ऐका,” तो म्हणाला. “हिला या भागातून काढा. चीफ जहाजावर नाही. ती एका ग्रहावर उतरली होती, पूर्वीच, आणि आपण ते स्वप्न होतं म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. बाकीचे घरी पोचतील. ती तिथे राहिली. कप्तानाच्या तोंडी एक वाक्य घालू. मी लिहितो.” त्याचा आवाज कापत होता आणि आपला आवाज कापतोय याचं त्याला थोडं बरंही वाटत होतं.

अधिकारी बाईचा चेहरा उतरला. “पण सर, लोकांना तर त्याच हव्यात. चीफशिवाय शेवट म्हणजे...”

“तिला उतरायचं होतं,” दिग्दर्शक म्हणाला. तो लेकीकडे बघत होता. “तुला माहीत नसेल. तिने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आता तरी.”

लेकीने पर्स खांद्यावर नीट केली. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. पेशंटचं बोट धरून अक्षर गिरवून घ्यावं अशा आवाजात ती म्हणाली, “बाबा, तेव्हा तिला उतरायचं होतं. आता तिला काय हवंय हे तुम्हाला कुठे माहीत आहे? परत तुम्हीच ठरवताय.”

चेहरेवाल्याने उगाच माउस इकडचा तिकडे केला. लेक अधिकारी बाईकडे वळून म्हणाली, “मी सही करत नाही. तुमचं काम चांगलं आहे, त्यात काही खोट नाही. पण नाही.” कारण तिने सांगितलं नाही, आणि अधिकारी बाईनेही एकदाच, अगदी सौम्यपणे, दुपारपर्यंत विचार करा म्हणून बघितलं. त्या भागाचं पुढे काही झालं नाही. चीफ नाही म्हटल्यावर वाहिनीचा उत्साह ओसरला आणि त्यांनी जुनेच भाग स्वच्छ करून पुन्हा लावले. जहाज पुन्हा त्याच जागी अंधारात तरंगत राहिलं.

ती दोघं खाली कँटीनमध्ये येऊन बसली. नाश्त्याची गर्दी संपली होती, एक माणूस ओल्या फडक्याने टेबलं पुसत पुसत त्यांच्या टेबलाला वळसा घालून गेला. लेकीने दोन चहा आणले, त्याच्या कपातली साखर स्वतःच ढवळली. इतका वेळ ती सरळ त्याच्यासमोर बसली असं गेल्या कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

“मी खरं तर सही करायला आले होते,” ती म्हणाली. “बघू म्हटलं, त्यातली थोडी तरी दिसते का.”

“कशातली?”

“आई शेवटी हॉस्पिटलात होती ना, तेव्हा एकदा म्हणाली होती, मी आयुष्यात एकदा चांगलं काम केलं. एकदाच, म्हणाली. मी विचारलं, कुठल्या नाटकात? तर म्हणाली, नाटकात नाही, डब्यात. कुठला भाग, तर म्हणाली, तो नाही बघता यायचा.” लेकीने चमचा बशीत ठेवला. “मघाशी तुम्ही बोललात तेव्हा कळलं मला. तोच ना? ग्रहावर उतरते तो?”

दिग्दर्शकाने मान हलवली. तिने सांगितलं होतं. त्याला नाही, पण कुणाला तरी सांगितलं होतं. आणि तिने त्यासाठी ‘चांगलं काम’ हे दोन साधे शब्द वापरले होते, जे तो तिला त्या दिवशी म्हणाला होता की नव्हता, हेही त्याला आठवेना.

“मग सांगा मला,” लेक म्हणाली. ती टेबलावर थोडी पुढे झुकली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याने ती शाळेत जायची त्यानंतर कधी पाहिलं नव्हतं. “काय करते ती? तुम्ही होता तिथे. कप्तानकाका गेले, कॅमेरावाले काका गेले. तुमच्याशिवाय आता कोणी नाही ते बघितलेलं.”

तो सांगायला लागला. त्याला सगळं दिसत होतं, आश्चर्य वाटावं इतकं स्वच्छ. राखाडी जमीन, ती त्यांनी भुसा आणि सिमेंट मिसळून केली होती. बादलीतल्या गरम पाण्यात कोरड्या बर्फाच्या वड्या टाकून धूर केला होता, तो गुडघ्याच्या वर जाऊ नये म्हणून दोन माणसं पुठ्ठ्याने वारा घालत होती. मागे आकाशाचा पडदा, निळा-काळा, मधे शिलाई. त्या पडद्याला उजव्या बाजूला एक सुरकुती पडली होती. चीफ डब्याची शिडी उतरते, तीन पायऱ्या, मग धुरात येते, खुणेच्या दिव्यापाशी थांबते, आणि वळते.

“आणि?”

“आणि बोलते. वाक्यं मी लिहिलेली होती, पण तिने ती बदलली. आयत्या वेळी. मी लिहिलेलं ती बोललीच नाही. काहीतरी वेगळंच म्हणाली, छोटंसं.”

“काय म्हणाली?”

दिग्दर्शकाने मनातल्या मनात पुन्हा शिडीपासून सुरुवात केली. पायऱ्या, धूर, दिवा, वळते. ती वळते आणि तिथे सुरकुती येते. तो त्या क्षणी मॉनिटरच्या उजव्या कोपऱ्यात बघत होता. ती सुरकुती दिव्याच्या उजेडात आणखी उठून दिसेल की काय, ताऱ्यांमध्ये ती घडी लोकांना कळेल की काय, हे बघत होता. युनिट स्तब्ध झालेलं त्याला आठवत होतं. कप्तान बाहेर निघून गेलेला आठवत होता. सुरकुती दिसली नाही म्हणून आपल्याला वाटलेलं समाधान आठवत होतं. नंतर तो प्रवेश त्याने साहेबांबरोबर बघितला होता, आणि तेव्हा तो साहेबांच्या तोंडाकडे बघत होता. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत होता, खणखणीत, ‘कट’. त्याच्या आधीची जागा कोरी होती. तिथे ओठ हलत होते, एवढंच.

लेक थांबली होती. थांबणं हा तिचा धंदाच होता. न येणाऱ्या शब्दाची वाट कशी बघायची, हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. तिने घाई केली नाही, नजर हटवली नाही. चहावर साय धरली.

“राखाडी जमीन होती,” दिग्दर्शक म्हणाला. “भुसा आणि सिमेंट.”

“ते सांगितलंत, बाबा.”